नॉट्स बेरी फार्म : रस्त्याकडेच्या बेरीच्या टपरीचं थीम पार्क कसं झालं?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाला फिरायला गेलेल्या आपल्या लोकांचे फोटो बघितलेत तर त्यात डिस्नीलँड हमखास असतं. त्या डिस्नीलँडपासून जेमतेम १२-१३ किलोमीटरवर आणखी एक मोठं पार्क आहे. तिथं रोलरकोस्टर आहेत, पाण्यातल्या राइड्स आहेत, स्नूपी नावाचा प्रसिद्ध कार्टून कुत्रा आहे. पण या पार्कच्या नावात मात्र ‘फार्म’, म्हणजे शेत आहे. नॉट्स बेरी फार्म.

नाव ऐकून वाटतं की हे काहीतरी मार्केटिंगवाल्यांच्या डोक्यातून आलं असेल. तसं नाही. १९२० मध्ये एक कुटुंब इथं भाड्याच्या जमिनीवर खरोखर बेरी लावत होतं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून विकत होतं. या एका शेतामुळे नामशेष व्हायला आलेलं एक फळ वाचलं, जगभर गेलं. आणि पुढं त्याच शेतातून शेती हळूहळू निघून गेली.

हा सगळा प्रवास नेमका कसा झाला, ते सविस्तर पाहू.

थोडक्यात माहिती

- ठिकाण : ब्वेना पार्क, ऑरेंज काउंटी, दक्षिण कॅलिफोर्निया
- सुरुवात : १९२०, वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट
- कशामुळे प्रसिद्ध : बॉयसेनबेरी, चिकनचं जेवण, घोस्ट टाउन
- कुटुंबाकडे मालकी : १९९७ पर्यंत
- आजचं थीम पार्क : सुमारे ५७ एकर

आधी अपयश, मग बेरी

वॉल्टर नॉट यांचा जन्म १८८९ चा, कॅलिफोर्नियातल्याच सॅन बर्नार्डिनोचा. ते लहान असतानाच वडील वारले. घरात पैसा नव्हता, पण पोराला मातीची ओढ होती. पोमोना गावात लोकांच्या मोकळ्या पडलेल्या प्लॉटवर भाजी लावायची आणि ती विकायची, हा उद्योग त्यांनी शाळेच्या वयातच सुरू केला होता.

१९११ मध्ये त्यांचं कॉर्डेलिया हॉर्नेडे यांच्याशी लग्न झालं. आपली स्वतःची जमीन हवी, हा वॉल्टर यांचा ध्यास. त्या काळात अमेरिकेत ‘होमस्टेड’ कायदा होता. सरकार १६० एकर जमीन द्यायचं, अट एवढीच की तिथं घर बांधून राहायचं आणि काही वर्षं जमीन कसून दाखवायची. वॉल्टर यांनी मोहावी वाळवंटात न्यूबेरी नावाच्या ठिकाणी अशी जमीन घेतली आणि बायको-मुलांना घेऊन तिथं राहायला गेले.

वाळवंट ते वाळवंटच. पीक काही धरेना. घर चालवायला वॉल्टर यांना बाहेर मजुरीला जावं लागायचं. जवळच कॅलिको नावाचं चांदीच्या खाणीचं गाव होतं. एके काळी गजबजलेलं, तेव्हा जवळपास ओस पडलेलं. तिथंही त्यांनी काम केलं. हे गाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

अखेर अटी पूर्ण करून जमीन नावावर झाली, पण तिच्यावर पोट भरणार नव्हतं. मग कुटुंब शँडन या गावी गेलं. तिथं एका मोठ्या रँचवर वाट्यानं शेती केली. रँचवरच्या कामगारांसाठी भाजी पिकवायची आणि उरलेली वॉल्टर यांनी विकायची, असा व्यवहार होता. कॉर्डेलिया घरी गोळ्या-मिठाई करून विकायच्या. तीन वर्षांत दोघांनी थोडी शिल्लक गाठीला बांधली.

१९२० मध्ये वॉल्टर यांचे चुलतभाऊ जिम प्रेस्टन यांनी त्यांना भागीदारीत बोलावलं. प्रेस्टन यांना बेरीच्या शेतीचा अनुभव होता. दोघांनी ब्वेना पार्कमध्ये २० एकर जमीन भाड्यानं घेतली. नॉट्स बेरी फार्मचा इतिहास इथून सुरू होतो.

रस्ता हाच बाजार

बेरी हे फार नाजूक फळ. तोडलं की घड्याळ सुरू होतं. घाऊक बाजारात माल पाठवला की भाव व्यापारी ठरवणार आणि वाटेत नासलं ते शेतकऱ्याचं नुकसान. हे गणित आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही नवं नाही.

नॉट यांच्या शेताला एक गोष्ट अनुकूल होती. शेताला लागूनच रस्ता होता. पुढे हाच रस्ता बीच बुलेवार्ड म्हणून ओळखला जाऊ लागला. नावाप्रमाणेच, समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांचा रस्ता. १९२० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात मोटारी झपाट्यानं वाढल्या. लोक सुट्टीच्या दिवशी गाडी काढून समुद्रावर जायचे आणि येता-जाता रस्त्याकडेला थांबून ताजी फळं घ्यायचे. त्यामुळे थेट ग्राहकाला विकणं शक्य झालं.

१९२७ च्या सुमारास भागीदारी संपली. प्रेस्टन दुसरीकडे गेले, वॉल्टर मात्र तिथंच राहिले. जमिनीचे भाव चढे असतानाही त्यांनी भाड्याची जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. १९२८ मध्ये रस्त्यालगत पक्की इमारत उभी राहिली. तिच्यात तीन गोष्टी होत्या : फळांचं दुकान, रोपवाटिका आणि कॉर्डेलिया यांची छोटी ‘टी रूम’. नाव होतं ‘नॉट्स बेरी प्लेस’.

ही तीन दुकानं एकमेकांना धरून होती. ताजी बेरी विकली जायची ती दुकानात. जी उरायची तिचा जॅम आणि पाय व्हायचा, तो टी रूममध्ये खपायचा. ज्यांना चव आवडायची ते रोपवाटिकेतून रोपं न्यायचे. फळ, प्रक्रिया आणि रोपं असं तिहेरी उत्पन्न. आज कृषी पर्यटनाच्या प्रशिक्षणात जे शिकवतात, ते या जोडप्यानं गरजेपोटी तेव्हाच सुरू केलं होतं.

तणात सापडलेलं फळ

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

१९२० च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज डॅरो नावाचे एक शास्त्रज्ञ ब्वेना पार्कला आले. ते अमेरिकेच्या कृषी खात्यात बेरीवर काम करत. त्यांच्या कानावर आलं होतं की रुडॉल्फ बॉयसेन नावाच्या माणसानं एक मोठ्या आकाराची, लालसर जांभळी बेरी तयार केली आहे. ती शोधायला डॅरो यांनी मदत मागितली ती वॉल्टर नॉट यांच्याकडे, कारण बेरीतला जाणकार म्हणून त्यांचं नाव झालं होतं. नॉट यांनी अशा बेरीबद्दल काही ऐकलं नव्हतं, पण ते तयार झाले.

बॉयसेन भेटले. त्यांनी सांगितलं की तो प्रयोग आपण कधीच सोडला आणि ते शेतही विकलं. मग ही मंडळी त्या जुन्या शेतावर गेली. तिथं गवत आणि तण माजलेलं. शोधता शोधता त्यात काही मरायला टेकलेल्या वेली सापडल्या.

वॉल्टर यांनी त्या वेली आपल्या शेतात आणून लावल्या. त्यांची निगा राखली. वेलींनी जीव धरला आणि फळं आली तेव्हा ती नेहमीच्या बेरीपेक्षा बरीच मोठी, रसाळ आणि आंबटगोड निघाली. १९३२ मध्ये ती विक्रीला आली.

नाव काय ठेवायचं हा प्रश्न आला. वॉल्टर यांना आपलं नाव देता आलं असतं. त्यांनी मूळ माणसाचं नाव दिलं : बॉयसेनबेरी. बॉयसेन पुढे अ‍ॅनाहाइम शहराच्या उद्यानांचं काम बघत राहिले. तिथल्या एका उद्यानालाही त्यांचं नाव आहे.

आज जगात जिथं कुठं बॉयसेनबेरी पिकते, तिचं मूळ त्या तणातल्या मोजक्या वेलींपर्यंत जातं.

बॉयसेनबेरी म्हणजे नेमकं काय?

ब्लॅकबेरी, रासबेरी आणि लोगनबेरी यांच्या कुळांचा हा संकर. महाबळेश्वरच्या बाजारात द्रोणात मिळणारी रासबेरी याच कुळातली, म्हणजे तिची ही लांबची बहीण म्हणायची. पिकल्यावर बॉयसेनबेरी गडद जांभळी, जवळजवळ काळी होते.

मग ती दुकानात सहज का दिसत नाही? कारण तिची साल फार पातळ असते. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडून रस सोडायला लागतं. लांबच्या वाहतुकीला ते टिकत नाही. म्हणून ती बहुतेक करून जॅम, सिरप, आइस्क्रीम किंवा गोठवलेल्या फळांच्या रूपात विकली जाते.

कॅलिफोर्नियात १९४० मध्ये बॉयसेनबेरीखाली ५९९ एकर जमीन होती. १९५० च्या दशकात ती २,४०० एकरांच्या आसपास पोहोचली. १९६० नंतर मात्र शेतकरी तिच्यापासून दूर जाऊ लागले. बुरशीचे रोग, तोडणीचे कष्ट आणि न टिकणारं फळ ही त्यामागची कारणं. आज अमेरिकेत ती मुख्यतः ओरेगन राज्यात होते आणि जगात न्यूझीलंड तिच्या उत्पादनात आघाडीवर आहे.

आठ ताटांची गोष्ट

१९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. जमीन महाग असताना घेतलेली, आणि आता भाव कोसळलेले. चार मुलं, डोक्यावर हप्ते. बेरीचा हंगाम काही महिन्यांचाच असतो, वर्षभर काय करायचं?

जून १९३४ मध्ये एका संध्याकाळी कॉर्डेलिया यांनी टी रूममध्ये तळलेल्या चिकनचं पूर्ण जेवण वाढलं. लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या बश्या त्यासाठी बाहेर काढल्या. त्या दिवशी आठ जेवणं गेली. किंमत होती ६५ सेंट. ताटात चिकन, भाजी, सॅलड, बटाटा, गरम बिस्किटं आणि शेवटी बेरीचा पाय.

गंमत म्हणजे कॉर्डेलिया यांना हॉटेल चालवण्याची फारशी हौस नव्हती. पण जेवणाची बातमी तोंडोतोंडी पसरली. मुलं वाढपी झाली, घर मागे सरकलं, जेवणघर पुढे वाढत गेलं. १९४० पर्यंत अशी वेळ आली की एका रविवारी संध्याकाळी चार-चार हजार जेवणं व्हायची. लोक तासन् तास रांगेत उभे राहायचे.

म्हणून ही कथा सांगताना फक्त वॉल्टर यांचं नाव घेतलं तर ती अर्धीच राहते. बेरीनं शेत उभं केलं, पण मंदीतून ते तरलं ते कॉर्डेलिया यांच्या स्वयंपाकघरावर.

रांगेतल्या लोकांसाठी उभं राहिलेलं गाव

रांगेत कंटाळलेल्या लोकांना गुंतवायचं कसं? सुरुवातीला वॉल्टर यांनी छोट्या गोष्टी केल्या. पाणचक्की, कृत्रिम धबधबा, काचेतून दिसणारं मधमाश्यांचं पोळं, एक छोटा खोटा ज्वालामुखी.

१९४० मध्ये त्यांनी मोठं काम हाती घेतलं. त्यांची आजी १८६८ मध्ये टेक्सासहून छत असलेल्या बैलगाडीतून, वाळवंट ओलांडून कॅलिफोर्नियाला आली होती. त्या पिढीच्या प्रवासावर एक देखावा उभा करायचा त्यांनी ठरवलं. देखाव्याला साजेशी इमारत हवी, मग तिच्याशेजारी आणखी एक, असं करत करत जुन्या काळचं अख्खं गाव तयार झालं. हेच ‘घोस्ट टाउन’. ओसाड पडलेल्या गावांमधून काही खऱ्या इमारती उचलून आणल्या गेल्या, काही जुन्या लाकडातून नव्यानं बांधल्या गेल्या. पॉल फॉन क्लीबेन या चित्रकारानं त्याची रचना आणि भित्तिचित्रं केली.

हे सगळं बघायला पैसे लागत नसत. लोक जेवायला यायचे, गावात फिरायचे, जाताना जॅमची बाटली घेऊन जायचे. १९४७ मध्ये नाव बदलून ‘नॉट्स बेरी फार्म’ झालं.

आणि आता कॅलिको. ज्या ओस गावात तरुणपणी मजुरी केली, ते गाव वॉल्टर यांनी १९५१ मध्ये विकत घेतलं. पडझड झालेल्या इमारती दुरुस्त केल्या आणि १९६६ मध्ये ते सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. आज ते सार्वजनिक उद्यान आहे आणि पर्यटक तिथं जातात.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. घोस्ट टाउनमध्ये जो ‘जुना पश्चिम’ दिसतो, तो वसाहत करायला आलेल्या गोऱ्या कुटुंबांच्या नजरेतला आहे. ज्या मूळ रहिवाशांची ही जमीन होती, त्यांची बाजू त्यात फार थोडी आहे. वॉल्टर राजकीयदृष्ट्याही कट्टर उजव्या विचारांचे होते आणि ते कधी लपवत नसत.

डिस्नीलँड आलं, तरी फार्म टिकलं

१७ जुलै १९५५ ला शेजारच्या अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नीलँड सुरू झालं. आता नॉट यांचं दुकान बंद होणार, असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटं. डिस्नीलँडमुळे देशभरातले पर्यटक ऑरेंज काउंटीत यायला लागले आणि त्यातले बरेच नॉट यांच्याकडेही वळले.

कुटुंबानंही हातपाय हलवले. १९५२ मध्येच जुनी वाफेच्या इंजिनाची रेल्वे सुरू झाली होती. १९६० मध्ये बड हर्लबट यांनी उभारलेली खाणीची राइड आली. १९६९ मध्ये त्यांचीच लाकडी ओंडक्यांची जलराइड आली, तिच्या उद्घाटनाला अभिनेता जॉन वेन हजर होता. १९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली. निकोलस केजचा ‘नॅशनल ट्रेझर’ पाहिला असेल तर त्यातल्या काही दृश्यांमध्ये दिसते ती हीच प्रतिकृती.

मुलांनी कामं वाटून घेतली होती. व्हर्जिनिया यांचं भेटवस्तूंचं दुकान, रसेल यांच्याकडे कारभार, टोनी यांच्याकडे दुकानाचा विभाग, मॅरियन यांच्याकडे पार्कच्या नव्या भागांची आखणी.

१९६८ मध्ये मोठा बदल झाला. पहिल्यांदाच कुंपण घातलं गेलं आणि आत जायला तिकीट आलं. किंमत फक्त २५ सेंट. पण रस्त्यावरून सहज आत शिरता येणारं शेत त्या दिवशी संपलं आणि पार्क सुरू झालं, असं म्हणता येईल.

यानंतर सगळं वेगानं बदललं. १९७३ मध्ये हॅलोविनला ‘स्केअरी फार्म’ हा भुताटकीचा कार्यक्रम तीन रात्रींसाठी झाला आणि पुढे दरवर्षीचा ठरला. १९७५ मध्ये ‘कॉर्कस्क्रू’ ही प्रवाशांना उलटं फिरवणारी रोलरकोस्टर आली. १९८३ मध्ये लहान मुलांसाठी ‘कॅम्प स्नूपी’ सुरू झालं.

कुटुंबानं विकलं का?

कॉर्डेलिया १९७४ मध्ये गेल्या. वॉल्टर १९८१ मध्ये, ९२ व्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. मालकी चार मुलांकडे आणि पुढे नातवंडांकडे आली. वारस वाढले की प्रत्येकाच्या अपेक्षा वेगळ्या होतात. दुसरीकडे स्पर्धेत टिकायचं तर दर काही वर्षांनी कोट्यवधी डॉलरची नवी राइड हवी. समोर उभ्या होत्या डिस्नी आणि युनिव्हर्सलसारख्या कंपन्या.

१९९५ मध्ये जॅम आणि खाद्यपदार्थांचा व्यवसाय कॉनअ‍ॅग्रा कंपनीला विकला गेला. १९९७ मध्ये पार्क सीडर फेअर कंपनीनं सुमारे २४.५ कोटी डॉलरला घेतलं. जॅमचा ब्रँड २००८ मध्ये स्मकर कंपनीकडे गेला. म्हणजे नॉट हे नाव दोन ठिकाणी वाटलं गेलं : पार्क एकाचं, बाटली दुसऱ्याची. जुलै २०२४ मध्ये सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज यांचं विलीनीकरण झालं आणि पार्क आता सिक्स फ्लॅग्जच्या साखळीत आहे. चौघांपैकी शेवटच्या मॅरियन नॉट २०१४ मध्ये वारल्या.

आज तिथं शेत आहे का?

नाही. जिथं बेरीच्या वेली होत्या तिथं आता राइड्स, हॉटेल आणि पार्किंग आहे. हे एकट्या नॉट यांचं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑरेंज काउंटीत घरं आणि रस्ते इतके वाढले की ज्या संत्र्यांवरून काउंटीचं नाव पडलं, त्यांच्या बागाही दिसेनाशा झाल्या. जमिनीला पिकापेक्षा प्लॉट म्हणून जास्त भाव आला.

तरी काही धागे शिल्लक आहेत. ‘मिसेस नॉट्स चिकन डिनर’ हे जेवणघर पार्कच्या फाटकाबाहेर आजही चालू आहे. तिथं जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. दर वसंत ऋतूत बॉयसेनबेरी महोत्सव भरतो आणि त्यात सॉसपासून सरबतापर्यंत सगळ्यात ही बेरी असते.

लॉस एंजेलिस परिसरातल्या मराठी वाचकांसाठी एक सोपी खूण : आर्टेशियातला ‘लिटल इंडिया’, जिथं तुम्ही किराणा आणि साड्या घ्यायला जाता, तिथून हे ठिकाण गाडीनं अगदी जवळ आहे.

महत्त्वाची वर्षं एका नजरेत

- १९२० : ब्वेना पार्कमध्ये भाड्याच्या २० एकरांवर सुरुवात
- १९२८ : दुकान, रोपवाटिका आणि टी रूम
- १९३२ : बॉयसेनबेरीची विक्री सुरू
- १९३४ : चिकनची पहिली आठ जेवणं
- १९४० : घोस्ट टाउनचं काम सुरू
- १९४७ : ‘नॉट्स बेरी फार्म’ हे नाव
- १९६८ : कुंपण आणि पहिलं तिकीट
- १९९७ : कुटुंबाकडून पार्कची विक्री
- २०२४ : सिक्स फ्लॅग्जच्या साखळीत समावेश

पुढच्या वेळी कुणी अमेरिकेहून जांभळ्या जॅमची बाटली आणली आणि तिच्यावर ‘बॉयसेनबेरी’ लिहिलेलं दिसलं, तर ते फळ कुठल्या तणातून वाचलं आणि कुणी वाचवलं, हे तुम्ही घरच्यांना सांगू शकाल.